परदेशात स्वस्त उपचार : पॅकेजची किंमत आणि खरा खर्च

या धड्यात तुम्ही काय शिकाल : परदेशातील उपचाराचा पूर्ण खर्च कसा मांडावा, विमा कुठे उपयोगी पडतो आणि कुठे नाही, पैसे कोणत्या मार्गाने पाठवावेत, आणि निघण्यापूर्वी कोणती कागदपत्रे हातात असावीत.

समजा, इंदूरमध्ये स्टेशनरीचे छोटे दुकान चालवणारे एक गृहस्थ आहेत. वय शेहेचाळीस. डोक्यावरचे केस विरळ झाले आहेत आणि ते त्यांच्या मनाला लागते. एके रात्री मोबाइलवर जाहिरात दिसते : इस्तंबूलला केसरोपण, तीन रात्री हॉटेल, विमानतळावरून गाडी, दुभाषा, सगळे मिळून दीड लाख रुपये. ‘शेवटचे दोन दिवस सवलत’ असेही लिहिलेले असते. बँकेत तीन लाखांची मुदत ठेव आहे. तीही तशी मोकळी नाही, कारण पुढच्या वर्षी मुलीच्या शिक्षणाची फी भरायची आहे. तरी ते मनात म्हणतात, ‘तीन लाखांतले दीड गेले तरी दीड उरतील.’

दुकानाची उधारीची वही त्यांची पत्नी सांभाळते. ती म्हणते, ‘आगाऊ रक्कम भरायच्या आधी एकदा वहीत मांडून तर बघू.’

या धड्यात आपण तीच वही उघडणार आहोत. उपचार केसांचा असो, दातांचा असो, नाकाचा असो की गुडघ्याचा, मांडणी तीच राहते. यातील रुपयांचे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. तुमचे आकडे तुम्ही स्वतः विचारून घाला.

पहिला प्रश्न : जायलाच हवे का?

युरोप-अमेरिकेतील माणूस दातांसाठी किंवा शस्त्रक्रियेसाठी परदेशी जातो, कारण त्याच्या देशात तोच उपचार अनेक पटींनी महाग असतो. आपली स्थिती वेगळी आहे. बांगलादेश, आखाती देश आणि आफ्रिकेतील अनेक देशांतून रुग्ण उपचारासाठी भारतात येतात. परदेशात स्थायिक झालेले आपले नातेवाईक सुट्टीत आले की दातांची कामे उरकून घेतात, हेही आपण पाहतो. तेव्हा ‘परदेशात स्वस्त’ हे वाक्य भारतीय बचतदाराच्या बाबतीत खरे असेलच असे नाही.

म्हणून आधी आपल्या शहरात किंवा जवळच्या मोठ्या शहरात दोन डॉक्टरांकडून लेखी अंदाजपत्रक घ्या. तोंडी आकडा उपयोगाचा नाही. त्यात शस्त्रक्रिया, भूल, तपासण्या, औषधे आणि नंतरच्या भेटी अशा वेगवेगळ्या ओळी असाव्यात. परदेशातील पॅकेजची तुलना याच कागदाशी करायची आहे.

या भेटीचा आणखी एक फायदा होतो. समोरचा डॉक्टर कदाचित सांगेल की तुम्हाला आज शस्त्रक्रियेची गरजच नाही. जाहिरात ते कधी सांगत नाही.

वहीतील हिशेब

आता पॅकेजच्या दीड लाखांखाली राहिलेल्या ओळी लिहू.

१. पॅकेज : १,५०,००० रुपये
२. इंदूरहून दिल्ली किंवा मुंबईमार्गे इस्तंबूल, जाण्या-येण्याचे तिकीट : ५५,००० रुपये
३. व्हिसा, प्रवास विमा, कागदपत्रे : २०,००० रुपये
४. कार्डाने पैसे दिल्यास परकीय चलनाचा आकार साडेतीन टक्के, म्हणजे ५,२५० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ९४५ रुपये. एकूण ६,१९५ रुपये
५. पॅकेजमध्ये नसलेले जेवण, जादा मुक्काम, स्थानिक प्रवास : १५,००० रुपये
६. दुकान आठ दिवस बंद, रोजची कमाई २,००० रुपये : १६,००० रुपये
७. आधीच्या रक्ततपासण्या, परतल्यावरची औषधे आणि डॉक्टरांची फी : १०,००० रुपये

बेरीज होते २,७२,१९५ रुपये. दीड लाखाचे काम पावणेतीन लाखांवर गेले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो असा.

सहाव्या ओळीकडे पुन्हा पाहा. ही ओळ बहुतेक जण लिहीतच नाहीत, कारण ते पैसे खिशातून जात नाहीत, ते खिशात येतच नाहीत. रोजंदारीवर किंवा स्वतःच्या धंद्यावर घर चालत असेल, तर बुडालेले दिवस हा खराखुरा खर्च आहे. नोकरदाराने इथे बिनपगारी रजा धरावी. सोबत कोणी जाणार असेल, तर दुसरी, तिसरी आणि पाचवी ओळ दुप्पट करा आणि सोबत्याची बुडालेली कमाईही लिहा.

आता शेवटची ओळ. पत्नी विचारते, ‘आणि काही बिघडले तर?’ त्यासाठी एकूण खर्चाच्या सुमारे तीस टक्के रक्कम बाजूला धरा. आपल्या उदाहरणात ती ८०,००० रुपये होते. तिकिटाची तारीख बदलणे, जादा मुक्काम, परत आल्यावर संसर्गावर उपचार किंवा पुन्हा जाण्याचा प्रवास यासाठी ही रक्कम आहे. ती खर्च झाली नाही तर आनंदच आहे. पण ती हातात नसेल तर निघू नये.

एकूण : ३,५२,१९५ रुपये. मुदत ठेव तीन लाखांची आहे. म्हणजे दीड लाख उरण्याऐवजी बावन्न हजार कमी पडतात.

समजा, इंदूरमधल्या डॉक्टरांचे अंदाजपत्रक १,२०,००० रुपयांचे आहे, तपासण्यांचे ५,००० आणि तीन दिवस दुकान बंद राहिल्याचे ६,०००. एकूण १,३१,००० रुपये. यावरही तीस टक्के राखीव धरा. तरी रक्कम पावणेदोन लाखांच्या आतच राहते, आणि टाके दाखवायला रिक्षाने जाता येते.

बिघडले तर पैसे कोण देणार?

‘विमा आहे ना!’ हे उत्तर इथे बहुतेक वेळा चुकीचे ठरते. एकेक विमा तपासू.

तुमचा नेहमीचा आरोग्य विमा साधारणपणे भारतातील उपचारांसाठीच असतो. परदेशातील उपचार ज्यात येतात अशा पॉलिसी वेगळ्या असतात आणि त्यांचा हप्ताही वेगळा असतो. शिवाय केवळ सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आरोग्य विम्यातून वगळलेली असते. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतर अवयव पूर्ववत करण्यासाठी ती आवश्यक असेल, तर गोष्ट वेगळी. दातांचे नेहमीचे उपचारही बहुतेक पॉलिसींत बसत नाहीत.

आयुष्मान भारत योजनेचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण योजनेशी जोडलेल्या भारतातील रुग्णालयांतच मिळते. ते कार्ड परदेशात चालत नाही.

प्रवास विमा अचानक आलेल्या आजारासाठी आणि अपघातासाठी असतो. उपचारासाठीच प्रवास करत असाल, तर तो उपचार आणि त्यातून उद्भवणारी गुंतागुंत सामान्यतः त्यात येत नाही. प्रवासाचे खरे कारण लपवून पॉलिसी घेतली, तर दावा फेटाळायला कंपनीला कारण मिळते. म्हणून विमा कंपनीला एक साधा प्रश्न लेखी विचारा : ‘मी अमुक शस्त्रक्रियेसाठी जात आहे. त्यानंतर संसर्ग झाला तर तिथला खर्च मिळेल का? आणि भारतात परतल्यावर?’ उत्तर ईमेलवर घ्या. फोनवरच्या ‘हो, हो’ला दाव्याच्या वेळी किंमत नसते.

उत्तर ‘नाही’ असे आले, तर तुमचा विमा म्हणजे तुम्ही बाजूला ठेवलेले ते ऐंशी हजार रुपये. ते का हवेत, हे आता लक्षात आले असेल.

पैसे आज, परिणाम नंतर

भाजी घेताना आपण आधी पाहतो आणि मग पैसे देतो. शस्त्रक्रियेत हे उलटे असते. केसरोपणात लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात. नवे केस दिसायला तीन-चार महिने लागतात आणि पूर्ण परिणाम कळायला वर्षभर जाते. म्हणजे पैसे पूर्ण दिलेले, तुम्ही घरी पोचलेले आणि काम नीट झाले की नाही हे अजून कोणालाच ठाऊक नाही. ‘हमी’ असे छापलेले असले, तरी ती वापरायला पुन्हा इस्तंबूलचे तिकीट तुम्हालाच काढावे लागेल का, हे आधी विचारा.

दातांमध्ये हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. जबड्यात स्क्रू बसवून कृत्रिम दात लावायचा असेल, तर हाड त्या स्क्रूला घट्ट धरेपर्यंत साधारण तीन ते सहा महिने थांबावे लागते आणि त्यानंतर कायमचा दात बसतो. याचा अर्थ अनेकदा दोन फेऱ्या. जाहिरातीत एका फेरीचे पैसे असतील, तर दुसरी फेरी तुमच्या वहीत लिहा. ‘सगळे एकाच फेरीत करून देऊ’ असे कोणी म्हणाले, तर ते तुमच्या हाडाला चालेल का, हे इथल्या दंतवैद्याला एक्स-रे दाखवून विचारा.

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर लगेच विमानात बसणे धोक्याचे असते. छाती किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर किमान दहा दिवस आणि चेहरा, पापण्या किंवा नाकाच्या सौंदर्यशस्त्रक्रियेनंतर सात ते दहा दिवस विमानप्रवास टाळावा, असा सल्ला दिला जातो. लांबच्या प्रवासात बराच वेळ बसून राहिल्याने पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो आणि शस्त्रक्रियेनंतर तो आणखी जास्त असतो. तेव्हा पोटाची शस्त्रक्रिया आणि ‘तीन रात्री हॉटेल’ असे पॅकेज असेल, तर ते स्वस्त नाही, अपुरे आहे. उरलेल्या रात्रींचे पैसे तुम्हालाच भरायचे आहेत.

काही त्रास घरी पोचल्यावरच सुरू होतात. २०२३ मध्ये अमेरिकेतील अनेक जण सीमेपलीकडे, मेक्सिकोतील मातामोरोस शहरात सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी गेले होते. तिथे पाठीच्या कण्याजवळ दिलेल्या भुलीतून काहींना बुरशीचा मेंदूज्वर झाला आणि त्यात मृत्यूही झाले. रुग्ण आपापल्या गावी परतलेले होते. आरोग्य यंत्रणेला त्यांना शोधून तपासणीला बोलवावे लागले. अशा वेळी ‘शस्त्रक्रिया कुठे झाली, कोणती भूल दिली’ हे लिहिलेला कागद रुग्णाजवळ असणे फार मोलाचे असते.

दवाखाना आणि डॉक्टर कसे तपासावेत?

चकचकीत फोटो, नट-नट्यांची छायाचित्रे आणि ‘आधी-नंतर’ची चित्रे यांवरून काहीही सिद्ध होत नाही. पुढील गोष्टी विचारा.

पहिली : शस्त्रक्रिया प्रत्यक्ष कोण करणार? नाव आणि नोंदणी क्रमांक लेखी मागा आणि त्या देशाच्या वैद्यकीय नोंदणीत तपासा. केसरोपणात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. डॉक्टरचे नाव पाटीवर आणि हात मात्र परवाना नसलेल्या तंत्रज्ञाचे, असे प्रकार होतात. केसरोपण शल्यविशारदांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने याबद्दल रुग्णांना सावध केले आहे. आपल्याकडेही राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले की केसरोपणासारख्या प्रक्रिया रीतसर प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टरनेच कराव्यात. व्हिडिओ पाहून किंवा एखाद्या कार्यशाळेत शिकून नव्हे. म्हणजे हा प्रश्न गावातल्या क्लिनिकलाही विचारायचाच आहे.

दुसरी : संस्थेला परवाना आहे का? तुर्कीत परदेशी रुग्ण घेणाऱ्या संस्थेला तिथल्या आरोग्य मंत्रालयाचे वेगळे अधिकारपत्र लागते. ते मागा. मोठी रुग्णालये जॉइंट कमिशन इंटरनॅशनल या संस्थेचे मानांकन घेतात, तर भारतात एनएबीएचचे मानांकन असते. रुग्णालयाच्या भिंतीवरचे प्रमाणपत्र पाहून थांबू नका. मानांकन देणाऱ्या संस्थेच्या यादीत नाव आहे का ते पाहा.

तिसरी : बोलणे कोणाशी चालले आहे? व्हॉट्सअॅपवर गोड बोलणारी व्यक्ती डॉक्टर नसते. बहुधा ती दलाल असते आणि तिला तुमच्यामागे कमिशन मिळते. पैसे भरण्यापूर्वी डॉक्टरशी व्हिडिओवर बोलायला मिळत नसेल, तर पैसे भरू नका. तुमचा मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणारी औषधे यांची चौकशी न करताच शस्त्रक्रियेची तारीख देणाऱ्यापासून दूर राहा.

चौथी : ‘दोन दिवसांची सवलत’. चांगल्या शस्त्रक्रियेची सवलत दोन दिवसांत संपत नाही. घाई विकणाऱ्याला असते, तुम्हाला नाही.

पैसे कसे पाठवावेत?

भारतात राहणारी व्यक्ती रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवू शकते. उपचाराचा खर्च त्यात येतो. यासाठी पॅन लागतो आणि बँकेच्या अर्जात पैसे पाठवण्याचे कारण लिहावे लागते. ते कारण काळजीपूर्वक लिहा, कारण करवसुली त्यावर ठरते.

१ एप्रिल २०२५ पासून वर्षभरात पाठवलेली रक्कम १० लाखांच्या वर गेली, तरच वरच्या भागावर बँक ‘स्रोतावर कर’ म्हणजे टीसीएस वसूल करते. उपचारासाठी हा दर कमी ठेवलेला आहे. इतर बहुतेक कारणांसाठी तो २० टक्के आहे. समजा, कोणी १२ लाख पाठवले आणि कारण ‘पर्यटन’ असे लिहिले. वरच्या दोन लाखांवर ४०,००० रुपये कापले जातील. तीच रक्कम उपचाराची आहे हे रुग्णालयाच्या कागदांनिशी दाखवले, तर कापणी बरीच कमी होते. रुग्णाचे आणि त्याच्या सोबत्याचे तिकीट व रोजचा खर्चही उपचाराच्या खर्चात धरता येतो. मात्र एखाद्या कंपनीने हेच ‘परदेश सहलीचे पॅकेज’ म्हणून विकले, तर पहिल्या रुपयापासून टीसीएस लागतो. दर अर्थसंकल्पात बदलतात. पैसे भरण्याच्या आठवड्यात बँकेत विचारून घ्या.

टीसीएस बुडत नाही. प्राप्तिकर विवरणपत्र भरताना तो तुमच्या करातून वजा होतो किंवा परत मिळतो. पण तोपर्यंत ती रक्कम अडकून राहते, आणि विवरणपत्र भरलेच नाही तर परतही मिळत नाही. म्हणून वहीत तिलाही जागा द्या.

आणखी चार सूचना :

• पैसे फक्त बँकेमार्फत किंवा अधिकृत परकीय चलन विक्रेत्यामार्फत, रुग्णालयाच्या नावाच्या खात्यावर पाठवा. दलालाच्या वैयक्तिक खात्यावर किंवा हवालाने कधीही नाही.
• सगळी रक्कम आगाऊ देऊ नका. आगाऊ किती, उरलेली कधी आणि डॉक्टरांनी तपासून ‘शस्त्रक्रिया नको’ म्हटले तर किती परत मिळणार, हे लेखी घ्या.
• परदेशात कार्ड वापरताना मशीन ‘रुपयांत द्यायचे की स्थानिक चलनात?’ असे विचारते. स्थानिक चलन निवडा. रुपये ओळखीचे वाटतात, पण त्या सोयीचा दर सहसा महाग पडतो.
• भारतातील एजंटने फसवले, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता तिथल्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ऑनलाइन पैसे लुबाडले गेले, तर त्याच क्षणी १९३० वर फोन करा. परदेशातील दवाखान्याविरुद्ध दाद मागायला मात्र त्या देशातला वकील लागतो आणि त्याची फी पॅकेजपेक्षा जास्त होऊ शकते.

कर्ज काढून जावे का?

दोन लाखांचे वैयक्तिक कर्ज, १६ टक्के व्याज, तीन वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता सुमारे ७,०३१ रुपये आणि तीन वर्षांत व्याज सुमारे ५३,००० रुपये. पॅकेजमध्ये जी बचत दिसत होती, ती व्याजात संपते. जीव वाचवणारा उपचार थांबवता येत नाही. त्यासाठी कर्ज काढावे लागले, तर ती गरज आहे. पण जो उपचार सहा महिने पुढे ढकलता येतो, त्यासाठी कर्ज काढण्यापेक्षा सहा महिने आवर्ती ठेवीत पैसे टाका. तोवर इच्छा टिकली, तर स्वतःच्या पैशाने जा. ओसरली, तर पैसे तुमचेच आहेत.

अडीअडचणीसाठी ठेवलेल्या पैशाला, म्हणजे घरखर्चाच्या तीन ते सहा महिन्यांच्या रकमेला, सौंदर्यासाठी हात लावू नये.

आशेचा बाजार

आतापर्यंतचा हिशेब निवडीच्या उपचारांचा होता. घरात गंभीर आजार असेल, तर हिशेब करायला मन धजत नाही, आणि काही लोक नेमका त्याचाच फायदा घेतात. मुलाला सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नता असेल, मणक्याला इजा झाली असेल, तर परदेशातील ‘स्टेम सेल’ उपचारांच्या जाहिराती अशा घरांपर्यंत बरोबर पोचतात. आई-वडील दागिने, जमीन, भविष्य निर्वाह निधी सगळे द्यायला तयार होतात. त्यात त्यांची चूक नसते. पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही आजारांसारखे मान्य उपचार सोडले, तर स्टेम सेलचा वापर मंजूर संशोधन चाचणीतच करता येतो. आणि मंजूर चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून त्या उपचाराचे लाखो रुपये मागितले जात नाहीत. पैसे मागून ‘बरे होईल’ असे वचन देणारा माणूस चाचणी करत नसतो, धंदा करत असतो.

अशा वेळी निघण्याआधी मुंबईचे टाटा मेमोरियल, दिल्लीचे एम्स, चंडीगढचे पीजीआय किंवा वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज अशा मोठ्या संस्थेत दुसरे मत घ्या. घर विकण्यापूर्वी एका रेल्वे तिकिटाचा खर्च केलेला कधीही परवडतो. आणि मूत्रपिंड किंवा इतर अवयव पैसे देऊन ‘मिळवून देतो’ म्हणणारा, देशातला असो की बाहेरचा, तुम्हाला गुन्ह्यात ओढत असतो. भारतात १९९४ च्या कायद्याने अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा आहे.

जायचे ठरलेच, तर ही फाइल तयार करा

हिशेब जुळला, डॉक्टर तपासला, राखीव रक्कम आहे. मग जरूर जा, पण एक फाइल सोबत ठेवा.

जाताना :
• मुदत किमान सहा महिने शिल्लक असलेला पासपोर्ट आणि योग्य व्हिसा. तुर्कीसाठी भारतीयांना व्हिसा लागतो; अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा वा निवास परवाना असणाऱ्यांनाच ई-व्हिसाची सोय आहे. ‘व्हिसा लगेच मिळतो’ हे एजंटचे वाक्य दूतावासाच्या माहितीशी ताडून पाहा.
• तुमचे आजार, ॲलर्जी आणि चालू औषधे यांची इंग्रजीत लिहिलेली यादी, डॉक्टरच्या सहीची.
• लेखी अंदाजपत्रक, परताव्याच्या अटी, विमा कंपनीचे ईमेल.
• भारतीय दूतावासाचा किंवा वाणिज्य दूतावासाचा क्रमांक. इस्तंबूलमध्ये भारताचा वाणिज्य दूतावास आहे. तुर्कीतील आपत्कालीन क्रमांक ११२ आहे.
• परतल्यावर तपासणी करायला तयार असलेल्या इथल्या डॉक्टरचे नाव. ही व्यवस्था निघण्याआधी करा; दुसऱ्याने केलेले काम हाती घ्यायला सगळेच डॉक्टर तयार होत नाहीत.

येताना :
• शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद इंग्रजीत : काय केले, कोणी केले, कोणती भूल दिली.
• औषधांची मूळ नावे. तिथली कंपनीची नावे इथल्या औषध दुकानात चालत नाहीत.
• शरीरात काही बसवले असेल, तर त्याची कंपनी, माप आणि बॅच क्रमांक असलेले स्टिकर. दाताच्या स्क्रूचे माप माहीत नसेल, तर पुढे साधी दुरुस्ती करायलाही दंतवैद्याला योग्य अवजार सापडत नाही.
• एक्स-रे, स्कॅन आणि सर्व पावत्या.

घरी आल्यावर ताप, जखमेतून पू, वाढती सूज, पोटरीत दुखणे किंवा दम लागणे यांपैकी काही जाणवले, तर व्हॉट्सअॅपवर दलालाला विचारत बसू नका. जवळच्या रुग्णालयात जा आणि परदेशात शस्त्रक्रिया झाल्याचे लपवू नका. लाजेपायी उशीर झाला, तर खर्चही वाढतो आणि धोकाही.

त्या वहीचे काय झाले?

आपल्या उदाहरणातील गृहस्थांनी बेरीज दोनदा केली. मग ते इंदूरमधल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. तिथे कळले की केस अजून गळत आहेत. आधी औषध घेऊन गळती थांबते का ते काही महिने पाहू, शस्त्रक्रियेचा विचार त्यानंतर. औषधाचा महिन्याचा खर्च घरखर्चात बसला. मुदत ठेव जागेवर राहिली आणि मुलीच्या फीचे पैसेही. केसांची इच्छा त्यांनी सोडली नाही. तिच्यासाठी महिन्याला दोन हजारांची आवर्ती ठेव सुरू केली.

तुमचे उत्तर यापेक्षा वेगळे येऊ शकते. कोणाला परदेशी जाणे खरोखरच सोयीचे पडेल. उत्तर कोणतेही असो, ते वहीतून यावे, जाहिरातीतून नको.

लक्षात ठेवा
१. पॅकेज ही किंमत आहे, खर्च नव्हे.
२. बुडालेली कमाई आणि तीस टक्के राखीव रक्कम हिशेबात धरा.
३. ‘विमा आहे’ असे समजू नका, लेखी विचारा.
४. शस्त्रक्रिया कोण करणार, त्याचे नाव आधी, पैसे नंतर.
५. पुढे ढकलता येणाऱ्या उपचारासाठी कर्ज नको.

स्वाध्याय
१. एका पॅकेजची किंमत २,००,००० रुपये आहे. कार्डावर परकीय चलनाचा आकार ३ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. जादा किती रुपये लागतील? (उत्तर : ७,०८० रुपये)
२. तुमच्या घरातील आरोग्य विम्याची पॉलिसी काढा. ‘वगळलेल्या गोष्टी’ हा भाग वाचा. सौंदर्यशस्त्रक्रिया, दात आणि परदेशातील उपचार याबद्दल काय लिहिले आहे ते वहीत उतरवा.
३. तुमच्या घरखर्चाचे तीन महिन्यांचे पैसे किती होतात? तेवढी रक्कम आज हात न लावता बाजूला आहे का?